डाव्या वळणाचा दाणा

मी बोलतोय, पण जरा वाकून ऐका. माझी उंची गव्हाच्या दाण्याएवढी आहे आणि रंगही तसाच गव्हाळ. फरशीवर पडलो तर तुम्ही मला केरात घालाल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त केरसुणी उचलायच्या आधी मी कोण ते ऐकून घ्या, म्हणजे झालं.

मी एक शंख. खऱ्या समुद्रातला. देवळात फुंकतात तो मोठा शंख सगळ्यांना माहीत असतो. तो आमच्यातला पाटील समजा. मी त्याच्याच जातकुळीतला, पण एवढा बारका की मला फुंकायला मुंगीच बोलवावी लागेल.

माझ्यात मिरवण्यासारखं काय आहे ते आधीच सांगून टाकतो, कारण मला दम धरवत नाही. बहुतेक शंखांचे वेढे उजवीकडे वळत जातात. आमचं खानदान डावीकडे वळतं. आणि माझ्या अंगावर, प्रत्येक वेढ्यावर, बारीक बारीक मण्यांच्या रांगा आहेत. एक मणी चुकलेला नाही की ओळ वाकडी गेलेली नाही. एवढं नाजूक काम कुणी कारागिरानं केलं, असं वाटेल. पण माझ्यात जी राहत होती, त्या एवढ्याशा गोगलगायीनंच मला बांधलं. पाण्यातला चुना घ्यायचा आणि घराला एक एक वेढा वाढवायचा. ती वाढली तसा मी वाढलो. माणसं घर आधी बांधतात आणि मग त्यात राहायला जातात. आमच्यात राहता राहता घर होतं.

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर, पाण्याखाली एका मऊ स्पंजावर आमचा संसार होता. ती तोच स्पंज खायची आणि तिथेच राहायची. एक दिवस ती गेली. मी रिकामा राहिलो, लाटांनी मला वाळूत आणून टाकलं. तिथे किती दिवस पडून होतो ते मला सांगता यायचं नाही.

मग ब्राह्मी आली.

ब्राह्मी सांगलीची, विश्रामबागेत राहणारी. तिथल्याच कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र शिकते. त्यांची सहल आंबा घाट उतरून कोकणात आली होती. बाकीची पोरं सेल्फी काढत होती आणि ही पोरगी वाळूत पालथी पडून भिंग लावून बसली होती. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, "ब्राह्मे, काय हरवलंय काय?" ती म्हणाली, "अजून सापडलं नाही, मग हरवेल कसं?" तेवढ्यात तिला मी सापडलो. तिनं मला ओल्या ब्रशच्या टोकानं उचललं, भिंगातून पाहिलं, ब्रशनं फिरवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "डावा." बास, एवढंच. पण तो शब्द तिनं असा उच्चारला की मला तिच्याबरोबर कुठेही जायला हरकत वाटली नाही.

होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत कापूस घालून तिनं मला सांगलीला आणलं. सोबत पिशवीभर वाळलेली वाळू. तिच्या सरांनी मला पाहिलं आणि सांगितलं, "याला नीट जपा. फोटो काढा, मोजमापं घ्या. या वळणाचा आपल्या कपाटात एकही नाही."

आता घराची ओळख करून देतो. मला दुसऱ्याच्या घरातलं ऐकायची खोड आहे, ती मान्य करतो. लोक शंख कानाला लावून समुद्र ऐकतात. मी बाटलीत पडल्या पडल्या लोकांना ऐकतो.

घर जैनांचं. सगळ्यात मोठ्या राजमती आजी, वय अठ्ठ्याहत्तर, माहेर जतकडचं, कर्नाटकाच्या हद्दीवरचं. त्यांची सून सुंदरी. तिची मुलगी ब्राह्मी. आजींचा मुलगा भरतेश दिवसभर शेतावर असतो, म्हणून या गोष्टीत तो फारसा नाही. आणि शेजारच्या शालूबाई, ज्या या घरच्या नाहीत पण इथेच असतात.

मी आलो त्या दिवशी शालूबाईंनी मला तळहातावर घेऊन बघितलं.

"एवढ्यासाठी कोकणात गेलीस व्हय गं? आमच्या शेताच्या बांधावर गोगलगायी पोत्यानं घावतात."

"काकू, हा समुद्रातला आहे."

"मग खारट असंल," शालूबाई म्हणाल्या.

आजींनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मला अजून आठवतो. "आत जीव हाय का?"

"नाही आज्जी. रिकामा आहे."

"कशावरनं?"

ब्राह्मीनं भिंग दिलं. आजींनी ते बाजूला सारलं. "मला त्यातनं दिसत न्हाई. तू सांगतीस म्हणून मानते. पण जिवाचं घर हाय ते. रिकामं असलं तरी सैपाकघरात आणायचं न्हाई." ब्राह्मीनं मान डोलावली आणि माझी बाटली बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी गेली. मला राग आला नाही. माझ्या आतल्या जिवाची चौकशी करणारं पहिलं माणूस ते.

पण त्या घरात एक ठणका होता. तो मला शालूबाईंमुळे कळला. त्या दारात कुणाला तरी सांगत होत्या, हळू आवाजात, म्हणजे मला पलंगाखालीसुद्धा ऐकू आलं असतं.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. चातुर्मासात मुनिमहाराज गावात मुक्कामाला आले की जैनांच्या घरी त्यांच्या आहारासाठी चौका लावतात, म्हणजे शुद्ध स्वयंपाक मांडतात. महाराज दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, ओंजळीत घेऊन. त्या घासात केस, किडा, मेल्या जिवाचं काहीही निघालं की अंतराय झाला. ओंजळ सुटली. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही आणि पाणीसुद्धा नाही. म्हणून त्या स्वयंपाकाचं धान्य नुसतं निवडत नाहीत. या घरात त्याला 'शोधणं' म्हणतात. निवडणं स्वतःच्या दातांसाठी, शोधणं दुसऱ्याच्या जिवासाठी, असं आजी सांगतात.

चाळीस वर्षं या घरचं धान्य आजींनी शोधलं. आणि तीन वर्षांपूर्वी, त्यांनीच शोधलेल्या तांदळात, महाराजांच्या तिसऱ्या घासाला एक काळा किडा निघाला. महाराज रागावले नाहीत. ओंजळ सोडली आणि उपाशी परत गेले. आजी दाराशी हात जोडून उभ्या होत्या, तशाच संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या म्हणतात.

घरात त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सूप माळ्यावर गेलं. आजींना फुलवाती वळायचं काम मिळालं. "आत्या, तुम्ही बसा, दमाल," असं सुंदरी म्हणायची. आजी दमत नव्हत्या, हे तिलाही माहीत होतं. पण पुन्हा तसं होऊ नये म्हणून ती माऊली जिवाला धसका लावून होती. मी सुंदरीला दोष देत नाही. देवाधर्माच्या कामात एकदा पोळलेलं माणूस असंच वागतं.

यंदा महाराज परत आले. घरात चौका लावायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट.

दुपारी सुंदरी बाहेरच्या खोलीत, दाराच्या उजेडात गहू घेऊन बसली होती. चष्मा लावून तिनं दोनदा शोधला आणि परातीत भरून ठेवला. उद्या पहाटे जात्यावर दळायचा होता. बाजूच्या टेबलावर ब्राह्मी काळ्या कागदावर मला ठेवून माझे फोटो काढत होती. मोबाइलला बारकं भिंग लावलं होतं. मी अगदी ताठ उभा होतो. माझा पहिलाच फोटो.

तेवढ्यात शालूबाई आल्या. "काय उकडायलंय गं बाई," म्हणाल्या, आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

पंखा फिरला आणि मी उडालो.

मला एवढंच कळलं की मी खाली पडलो आणि माझ्या आजूबाजूला सगळे माझ्यासारखेच. माझ्याच उंचीचे, माझ्याच रंगाचे. मी त्या परातीतल्या गव्हात पडलो होतो, आणि वरून दोन दाणे घसरून माझ्या अंगावर आले.

"कुणी हलू नका," ब्राह्मी ओरडली.

शालूबाईंनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. "साप हाय का?"

"काकू, माझा शंख."

ब्राह्मी मोबाइलचा दिवा लावून फरशीवर सरपटली. सोफ्याखाली, पायपुसण्याखाली, शालूबाईंच्या चपलांतही बघितलं. परातीकडे तिचं लक्षच गेलं नाही, कारण पंखा लागताच सुंदरीनं ती झाकून बाजूला सरकवली होती. शेवटी ती भिंतीला टेकून बसली. "उद्या सरांना काय सांगू? एकच होता." पंखा कुणी लावला हे शालूबाईंनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. मी सांगतोय.

आत अंधारात मी विचार करत होतो. जात्यात गेलो तर माझं पीठ होणार, हे उघड होतं. ते मी सोसलं असतं. पण माझा एखादा कण पिठात राहिला, महाराजांच्या दातांखाली आला, आणि त्यांना कळलं की हे मेल्या जिवाचं आहे, तर? या घरात दुसरा अंतराय. तोही माझ्यापायी. एवढ्याशा देहाला एवढा मोठा डाग मला नको होता.

आजी सगळा वेळ तिथेच फुलवाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुंदरी, गहू एकदा माझ्या हातनं जाऊ दे."

सुंदरीचा हात थांबला. "दोनदा बघितलाय आत्या. चष्मा लावून."

"तू बघितलायस. मला शोधू दे."

"आत्या, परत तसं काही झालं तर..."

"तर माझ्या नावावर घाल. मागलंबी माझ्याच नावावर हाय."

एरवी शालूबाईंचं मधे बोलणं मला आवडत नाही, पण त्या दिवशी त्यांचे उपकार झाले. "आवं सुंदरीवैनी, फिरवू द्या की हात. हात फिरवून गहू काय झिजणार हाय का?"

सुंदरी उठली. स्टुलावर चढून माळ्यावरचं सूप काढलं, पुसलं, सासूपुढे ठेवलं. "बरं. पण गहूच फक्त," म्हणाली आणि पाणी गाळायला आत गेली. तिला तिथे बसून बघवलं नसतं.

आजींनी मूठभर गहू सुपात घेतला. चष्मा काढून ठेवला. आणि डोळे मिटले.

"आज्जी, झोपला काय?" शालूबाईंनी विचारलं.

"गप्प."

मग त्यांची बोटं चालायला लागली. मी खालून ऐकत होतो. एका मुठीनंतर दुसरी. दाणे बोटांखालून जात होते, पाटातून पाणी जावं तसे, एकसारखे, मधे कुठे अडत नव्हते. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "बेरळे कण्णु." त्यांच्या माहेरच्या कानडी बोलीत याचा अर्थ, बोटं म्हणजेच डोळे. जतकडच्या त्यांच्या घरात धान्याच्या खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारी अंधार. त्यांच्या आईनं त्यांना तिथेच बसवून शोधायला शिकवलं होतं. किडा हलतो, खडा गार लागतो, पोचट दाणा दबतो. सगळं हाताला कळतं.

सहाव्या मुठीत मी होतो.

माझ्यावरून त्यांचं बोट पुढे गेलं, आणि थांबलं, आणि परत मागे आलं. मला उचललं. मी तुम्हाला सांगतो, दुसरं कुणी असतं तर आधी नखानं दाबून बघितलं असतं. माणसाची सवयच ती. अनोळखी काही दिसलं की दाबून बघायचं. मी तिथेच फुटलो असतो. आजींनी दाबलं नाही. आत कुणी असेल, या हिशोबानं त्यांनी मला तळहातावर ठेवलं आणि एका बोटाच्या टोकानं हळूच फिरवलं. मग पुन्हा फिरवलं, उलट्या बाजूनं.

"ह्या गव्हाला मणी हायत," त्या म्हणाल्या. रोज एकशे आठ मणी ओढणारं ते बोट. त्याला माझ्या रांगा कळल्या नाहीत तरच नवल. "आणि हा डाव्या अंगाला वळतोय. ब्राम्ही, तुझं पाव्हणं घावलं बघ."

ब्राह्मी भिंतीपासून उठून धावत आली. आतून सुंदरीही आली. सुंदरीनं परातीकडे बघितलं, आजींच्या तळहाताकडे बघितलं, आणि परातीशी खाली बसली. दोनदा, चष्मा लावून, तिनं तो गहू शोधला होता, आणि त्यानंतर त्यात काय पडलं हे तिला माहीतच नव्हतं. उद्या हेच पीठ झालं असतं.

आता आजी काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. तीन वर्षांचं बोलायचं राहिलं होतं. शालूबाईही पदर सावरून ऐकायला बसल्या.

"हा गहू घरात खायला ठेव," आजी म्हणाल्या. "चौक्याला दुसरा काढ. तुझी चूक न्हाई, सुंदरी. डोळ्याला हा गहूच दिसणार. मलाबी दिसला असता."

"मग आत्या, त्या वेळी तांदळात..."

आजींनी सुपातले दाणे नीट सारखे केले. "त्या येळी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतं झालं होतं. सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. भिंतीवरची कॅलेंडरं वाचत होते मी. म्हटलं, आता कशाला हात फिरवायचा. जन्मात पहिल्यांदा डोळ्यानं शोधलं. आणि किडा गेला." त्यांनी एक पोचट दाणा बाजूला काढला. "हे मी कुणाला सांगितलं न्हाई. लाज वाटली. तुमाला वाटलं म्हातारीचे डोळे गेले. मला कळत होतं, डोळे आले म्हणून झालं."

शालूबाईंनी सुपातला एक दाणा उचलून चिमटीत फिरवून बघितला.

सुंदरी उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती आली ती तांदळाचा डबा, मुगाची डाळ आणि दुसरा गहू घेऊन. सगळं आजींपुढे ठेवलं. "हे बी घ्या आत्या," म्हणाली, आणि स्वतः चष्मा लावून त्यांच्या शेजारी बसली. आजी हातानं शोधून देत होत्या, सुंदरी डोळ्यानं बघून पुढे सारत होती. दिवे लागायच्या आत सगळं झालं. मधेच सुंदरी म्हणाली, "आत्या, खडा गार लागतो तो कसा, दाखवा मला." आजींनी तिचं बोट धरून खड्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी बाटलीत, टीव्हीशेजारी. सकाळी घराबाहेर सगळे ओल्या शुद्ध कपड्यांत, हातात कलश घेऊन उभे. महाराज आले आणि याच घराच्या दारात थांबले. "नमोस्तु, नमोस्तु," असं ऐकलं. मग आत फक्त भांड्यांचा आवाज. मी मोजत होतो. पहिला घास. दुसरा. तिसऱ्याला सगळं घर गप्प झालं, अगदी दारातल्या शालूबाईसुद्धा. मग चौथा, पाचवा. शेवटी पाण्याचा आवाज आणि भरतेशचा मोकळा श्वास.

"काय झालं?" शालूबाईंनी दारातनं विचारलं.

"निरंतराय," सुंदरी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही सापडलं नाही, शालूवैनी."

मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो माझ्या मण्यांचाही कधी वाटला नव्हता. आदल्या दिवशी मी सापडलो, म्हणून आज काही सापडलं नाही. गव्हाएवढ्या देहानं आणखी काय करावं?

त्यानंतर गल्लीतल्या चार घरांतून आजींना बोलावणी आली. "आज्जी, आमच्या चौक्याला शोधायला येता का?" आजी जातात. सुंदरी त्यांना स्कूटरवरून सोडते. सूप दोघींच्या मधे उभं धरलेलं असतं.

माझं म्हणाल तर मी आता कॉलेजातल्या लाकडी कपाटात, काचेच्या छोट्या नळीत आहे. खाली चिठ्ठी आहे: किनाऱ्याचं नाव, तारीख, वळण डावं. गोळा करणाऱ्याच्या जागी ब्राह्मीचं नाव. त्याखाली तिनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'दुसऱ्यांदा शोधला : राजमती.' सरांनी विचारलं, ही कोण? ब्राह्मीनं सगळं सांगितलं. सरांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "ती पिशवीभर वाळू अजून तशीच पडली आहे. आमच्या पोरांचे डोळे दुखतात. आजी येतील का?"

आजींनी आधी विचारलं, "वाळू वाळलेली हाय ना? जीव न्हाई ना आत?" खात्री झाल्यावर आल्या. जिना चढून, घरचं सूप घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी त्या वाळूतून अकरा शंख काढले, त्यात दोन डावे. ते दोघं आता माझ्या शेजारच्या नळीत आहेत. माझ्यापेक्षा लहान आहेत, पण खानदानी.

तर माझी एक विनंती आहे. कधी कोकणात गेलात आणि भरतीच्या रेषेवर वाळलेली वाळू दिसली, तर ओंजळभर पिशवीत घाला. त्यात आमच्यातलं कुणी आहे का, हे तुम्ही बघत बसू नका. ते तुमच्यानं व्हायचं नाही. विश्रामबागेत कॉलेजात आणून द्या आणि वरच्या मजल्यावर राजमती आजी कुठे बसतात म्हणून विचारा. शनिवारी दुपारी त्या असतात.